कडीचं पेन

एकोणीसशे एकोणतीसच्या सुमारास जळगावात पितांबर मास्तर फाउंटन पेनं ओळखण्यात पटाईत समजले जात. निब, क्लिप, शाई ओढायचा खटका पाहिला की पेन कुठलं आणि किती जुनं, ते लगेच सांगत.

एकदा त्यांनी बाजारातून एक जुनं काळं पेन आणलं.

“हाई तं कितलं धाकलं शे!” बायको पुष्पाबाई म्हणाली.

“बायकांचं असंच लहान असतं. टोपणावर ही कडी बघ. साखळीत ओवून गळ्यात घालतात. आणि निब केवढी झिजलीय! पुष्कळ लिहायची ती.”

ते ‘ती’ पुष्पाबाईच्या मनात रुतून बसलं. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

मास्तर ते पेन शाळेत नेत नसत. दुपारी ती कोनाड्यातून ते काढून बघे. दर वेळी ते कोमट लागे, कुणीतरी नुकतंच लिहून ठेवल्यासारखं. संध्याकाळी मास्तर मात्र ते हातात घेऊन नुसते बसून राहत.

एक दिवस तिला राहवलं नाही. तिने ते आपल्याच साखळीत ओवलं आणि मास्तर घरी येताच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आते हाई मन्हंच शे,” ती गळ्यातलं पेन मुठीत धरून हक्काने म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या खोलीत बघत ते हसले. तिच्याकडे बघून ते असं कधीच हसले नव्हते.

“उभ्या का?” ते आदबीने म्हणाले. “बसा ना.”

पुष्पाबाईच्या पाठीमागे खुर्ची करकरली.