गेलेल्यांचं पान

दार उघडलं आणि गिरिजाचा पाय ताटात पडता पडता राहिला.

उंबऱ्याबाहेर वाढलेलं ताट. वरणभात, बटाट्याची भाजी, वर तूपसुद्धा. शेजारी देवातलं निरांजन पेटवलेलं. आणि भिंतीला टेकवून फ्रिजवरचा फोटो! त्यात तिचा नवरा दयानंद आणि त्याचा धंद्यातला जोडीदार प्रेमानंद, गाला भागातल्या त्यांच्या गॅरेजसमोर, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

गिरिजा आत वळून ओरडली. "प्रणाली! हे काय गं?"

आठ वर्षांची प्रणाली शाळेच्या हॅलोविन प्रोजेक्टचा कागद फडकवत आली. "मम्मा, तूच बोलली ना! आयर्लंडमध्ये पूर्वी या इव्हिनिंगला डेड लोक घरी यायचे. त्यांच्यासाठी फूड ठेवायचे. मी विचारलं, आपल्यात असतं का? तू बोलली, असतं, पितृपक्षात गेलेल्या माणसांसाठी पान वाढतात."

"अगं, मग बाबांचा फोटो कशाला?"

"आपलं बेटर आहे. त्यांचं डेड लोकांसाठी, आपलं गेलेल्यांसाठी. बाबा गेले ना मॉर्निंगला? इब्रीला, वर्कसाठी?"

"गप्प बस! जीभ आवर!" गिरिजा एवढ्या जोरात ओरडली की पोरगी रडायलाच लागली.

दुपारपासून दयानंदचा फोन बंद होता. प्रेमानंदचाही. इब्रीहून वाळवंटातला लांबचा रस्ता, तरी चारपर्यंत माबेलाला घरी पोचतो म्हणाले होते, आता मगरिबची, सूर्यास्ताची बांगही होऊन गेली. दयानंद सकाळी रोजच्यासारखा 'येतो गं' म्हणून निघाला होता. प्रेमानंदने मात्र खाली पिकअपचा हॉर्न दाबत हाळी दिली होती, "चला वहिनी, जातो!"

"जातो काय, भावजी? येतो म्हणा!" ती गॅलरीतून ओरडली होती.

"आल्यावर म्हणतो!" मेला हसला होता.

आता हे ताट उचलावं कसं? वाढलेलं पान उचललं तरी अशुभ, ठेवलं तरी अशुभ. निरांजन फुंकायला तर तिचा जीवच धजेना. देवा रवळनाथा, माणूस घरी आण माझा, एवढंच ती पुटपुटत राहिली.

जिन्यात पावलं वाजली. दयानंदच! कपाळाला पट्टी, शर्ट धुळीने पांढरा. कामावरच्या मुस्तफाने त्याला दंडाला धरून वर आणलं होतं.

"आलात! अहो, आलात!" गिरिजा त्याला बिलगून हुंदके देऊ लागली. मग एकदम भानावर येऊन खाली वाकली. "थांबा, ओलांडू नका. पोरीने काय वेडेपणा करून ठेवलाय बघा. उचलते आधी."

दयानंदने तिचा हात धरला. तो फोटोकडे बघत होता.

"राहू दे ते पान," तो म्हणाला. "प्रेमानंद गेला."

गिरिजाने ताटाकडे नेलेला हात मागे घेतला. प्रणालीने डोळे पुसले आणि बाबाची बाही ओढली.

"कुठे?"