दुपारची पाळी

"खडू काय खाते ही कार्टी? निळा स्कर्ट पार पांढरा करून आणते रोज!" मोरीत रोवेना स्वतःशीच करवादत होती.

पलीकडे कॉफीत पांदेसालचा पाव बुडवून खाणाऱ्या आजोबांना, लोलो क्रिस्पिनना, ठसकाच लागला. पोरगी हुशार निघाली म्हणायची. शाळेत पाऊल टाकत नाही, पण आईला संशय येऊ नये म्हणून स्कर्टाला खडू फासते! नात कुणाची शेवटी!

"चला लोलो, उशीर होतोय," जेनलिन तीनचाकीत जाऊन बसलीसुद्धा. दप्तर मांडीवर.

ही तीनचाकी साथीच्या काळात आंब्याखाली पडून होती. मोटारसायकलला जोडलेल्या बाजूच्या डब्यात कोंबडीनं संसार थाटला होता. शाळा उघडल्या आणि रोवेना वडिलांना म्हणाली, "पापांग, पोरीला सोडणार कोण? माझा मासळीचा गाळा सकाळीच लागतो." मग लोलोंनी कोंबडीला घराबाहेर काढलं.

पहिल्याच दिवशी फाटकापाशी जेनलिन लोलोंचा सदरा सोडेना. दोन वर्षं ती घरातच होती. अभ्यासाचे कागद आई पाकिटातून आणायची, भरून परत द्यायची. शेवटी शेवटी तर पोरगी खिडकीलाही पाठ करून बसायची. त्या फाटकात एवढी मुलं एकदम पाहून ती पुटपुटली, "आज नको, लोलो."

"नको तर नको. चल, एक चक्कर मारू."

त्या चकरेत दोन गिऱ्हाइकं मिळाली. दुसऱ्या दिवशी चार. तेव्हापासून तसंच चाललं होतं. फाटकाशी थांबायचं, जेनलिननं "आज नको" म्हणायचं, आणि दुपारपर्यंत गावभर हिंडायचं. सुरुवातीला ती उतारूंकडे बघतही नसे. आता भाड्यावरून घासाघीस करणाऱ्या बायकांना पुरून उरायची.

"मावशी, एवढ्यात तर आमची कोंबडीसुद्धा बसायची नाही!"

लोलो पोट धरून हसायचे. दुपारी ते तिला आईच्या गाळ्यावर सोडत आणि घरी येऊन ताणून देत. संध्याकाळी मायलेकी बरोबरच परतत.

एकच गोष्ट त्यांना खात होती. हल्ली ती त्यांचा सदरा धरत नसे, तरी "आज नको" काही सुटत नव्हतं. भीती मुरली की काय? पण विचारायचं कसं? पोर हळवी. म्हणून तर घरात दोरिंगचं नावही कुणी काढत नसे. जेनलिनची ही लोला, म्हणजे आजी, साथीतच गेली होती, मग फोटोसुद्धा लोलोंनी कपाटात ठेवून दिला.

त्या दिवशी एक उतारू सांगत होता, "सतत गैरहजर असणाऱ्यांची नावं काढणार आहेत म्हणे. वर्ष वाया जाणार बिचाऱ्यांचं."

लोलोंनी आरशातून मागं पाहिलं. जेनलिन खुशाल शेंगा सोलत होती.

त्या दुपारी त्यांना झोप येईना. चूक आपली. आपणच तिला हिंडवलं. त्यांनी रविवारचा सदरा चढवला, केसांना तेल लावलं आणि थेट शाळा गाठली. बाईंच्या पाया पडू, पण पोरीचं नाव राहू दे.

फाटकावरचा पहारेकरी हसला. "लोलो, तुम्ही या वेळी? डावीकडचा शेवटचा वर्ग."

आपण काही विचारलंही नाही, हा सांगतो काय? लोलो चालत राहिले. शेवटच्या वर्गातून हसण्याचा गलका येत होता. त्यांनी खिडकीतून डोकावलं.

फळ्यापाशी, हातात खडू घेऊन जेनलिन उभी होती. बाईंची नक्कल करत होती आणि खुद्द बाईच डोळे पुसत हसत होत्या.

तिनं त्यांना पाहिलं. खडू तसाच हातात घेऊन बाहेर आली.

"झोपायचं सोडून इथं काय करताय, लोलो?"

"तू... तू आत?"

"माझा वर्ग दुपारच्या पाळीत आहे. बाईंनीच बदलून दिला. गाळ्यावरून इथंच तर येते मी, कधीपासून."

"आणि तुझ्या आईला...?"

"तिनंच तर सांगितलं, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून."

"मग रोज सकाळी मला फाटकापर्यंत कशाला पळवतेस, गं? तुला भीती वाटते म्हणून मी..."

जेनलिननं स्कर्टाला हात पुसले. मग त्यांचा तेलकट हात हातात घेतला.

"लोला गेली, लोलो. मी सकाळी तीनचाकीत येऊन बसले नसते, तर तुम्ही अंथरुणातून उठला असता का?"