पुण्याविषयी खरं ते सांगा

“आणि रस्त्यात हत्ती असतात का, असं विचारलं तर?” माधवीनं विचारलं.

“असतात म्हणणार.” संजीवनं शर्टाची कॉलर सरळ केली. खाली पायजमाच होता. कॅमेऱ्यात माणूस छातीपर्यंतच दिसतो. “चावतात म्हणणार.”

“वा! दोन वर्षांपूर्वी ओसाकाच्या त्या बाईनं हेच विचारलं, तेव्हा दिवसभर धुमसत होतास. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींचे ढीगभर फोटो पाठवलेस तिला.”

“तेव्हा नोकरी पणाला लागली नव्हती.”

डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरातल्या त्या भाड्याच्या घरात टाळेबंदी लांबतच चालली होती. २०२१चा एप्रिल उजाडला तरी ऑफिस स्वयंपाकघराच्या टेबलावरच होतं, आणि त्या टेबलाखाली संजीवचा पाय सारखा हलत होता.

त्याची कंपनी जपानी. ती पुण्यात नवं केंद्र काढणार, आणि पुणं उघडलं की डब्लिन बंद, अशी कुजबुज होती. त्यातच मुख्यालयाचा निरोप आला: तुम्ही पुण्याचे, तर त्या शहराविषयी आम्हाला खरं ते सांगा.

संजीवनं सरळ हिशेब मांडला. पुणं नापास झालं की डब्लिन वाचलं. डब्लिन वाचलं की पुढच्या वर्षी आयरिश पासपोर्टचा अर्ज, जवळच लिक्सलिपला बघून ठेवलेलं घर, लेकीची, इरावतीची शाळा, सगळंच वाचलं.

जपानी तो पुण्यातच शिकला होता. कॉलेज सुटलं की सायकल मारत संध्याकाळच्या वर्गाला जायचा. ज्या शहरानं तोंडात ही भाषा घातली, त्याच भाषेत त्या शहराची अब्रू वेशीला टांगायची. आपल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. परदेशात पाय रोवायचा म्हटला की पहिली लाथ तो मागेच मारतो.

“बाबा, दे आर वेटिंग,” लॅपटॉपपाशी बसलेली इरावती म्हणाली आणि उठून गेली.

पडद्यावर मुख्यालयातले तानाबे-सान होते, एकटेच खोलीत बसलेले, तरी तोंडाला मास्क. शेजारच्या चौकटीत टिपणं घेणारी एक मुलगी, आणि तिसरीत फर्गल, संजीवच्याच टीममधला. डब्लिनविषयी बोलायला त्याला बोलावलं होतं. तो दोन मिनिटांत आटपला. पाऊस फार, भाडी महाग, बाकी सगळं ग्रँड. मग तो चहा पीत ऐकत बसला. पुढचं जपानी बोलणं ती मुलगी त्याला इंग्रजीत सांगत होती.

“संजीव-सान,” तानाबे म्हणाले, “आमच्या लोकांच्या डोक्यात पुणं म्हणजे गर्दी, गुरं आणि बिघडलेलं पोट. पण हे चित्र जुनं असेल, असं मला वाटतं. म्हणून तुम्हाला विचारतोय.”

दोन वर्षांपूर्वीचा संजीव इथे उसळला असता.

“जुनं नाही,” तो म्हणाला. “सौम्य आहे.”

मग त्यानं सगळं काढलं. पाण्याचे टँकर. खड्डे. डेंगी. पावसाळ्यात जाणारी वीज. तानाबेंच्या भुवया वर चढत गेल्या तसा त्याला जोर आला.

“आणि आत्ता तर हॉस्पिटलात खाट नाही. माझे स्वतःचे वडील रात्रभर रिक्षातून वणवण फिरले.”

ओट्याशी माधवीच्या हातातलं भांडं वाजलं.

तानाबेंनी मान खाली घातली. बराच वेळ वर केली नाही. फर्गलनं मात्र मध्येच विचारलं, “पण संजीव, खायला-प्यायला मजा असेल ना तिकडे?”

“पोट टिकलं तर,” संजीव म्हणाला.

“शेवटचा प्रश्न,” तानाबे हळूच म्हणाले. “तुम्हाला स्वतःला तिथे परत राहायला आवडेल?”

“माझ्या मुलीला मी तिथे एक दिवससुद्धा ठेवणार नाही.”

तानाबेंनी स्वतः पेन उचललं आणि काहीतरी लिहिलं. संजीवनं टेबलाखाली मूठ आवळली. पुणं मेलं.

कॉल संपताच माधवी समोर येऊन उभी राहिली.

“बाबा रिक्षातून फिरले? सकाळी तर मला आंब्याचा भाव सांगत होते फोनवर.”

“लोकांचे बाबा फिरले ना? मग खोटं काय त्यात?”

“लोकांच्या मढ्यावर घर बांधतोयस तू.”

“आपलं घर,” तो म्हणाला. “तूही राहणार आहेस त्यात.”

नंतरचे दिवस त्याला घरात बसवेना. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, म्हणून त्याच त्या रस्त्यांवर तो चकरा मारायचा. दर वळणावर फोन बघायचा. फर्गलला विचारलं, “काही कळलं का रे?” तर फर्गल नुसता हसला. “होईल रे नीट सगळं.”

मग पुन्हा बोलावणं आलं. तेच तिघं पडद्यावर. या वेळी तानाबेंनी मास्क काढला होता.

“डब्लिनचं ऑफिस जूनमध्ये बंद होतंय. पुण्याचा निर्णय आम्ही डिसेंबरातच घेतला होता.”

संजीव पडद्याकडे झुकला. “डिसेंबरात? मग मला कशासाठी विचारलंत?”

“केंद्रप्रमुख म्हणून तुमचं एकट्याचंच नाव ठरलं होतं. घर, गाडी, मुलीची शाळा, सगळं कंपनीकडून. तुमचं मन तिथे रमेल का, एवढंच बघायचं होतं.” तानाबे उठून उभे राहिले आणि कमरेतून वाकले. “तुमचं बोलणं ऐकून आम्हाला फार लाज वाटली. इतकं सोसलेल्या माणसाला पुन्हा तिथे ढकलण्याचं पाप आम्ही करणार नाही. तुम्ही निश्चिंतपणे आयर्लंडमध्येच राहा. पुण्याचं ते पद आता फर्गल-सान सांभाळतील.”