अचिरोचा बैल

बंडखोरांशी चाललेली लढाई संपली आणि गुलूच्या निर्वासित छावणीतून आम्ही गावी परतलो. मदत संस्थेने दिलेली बैलजोडी चिठ्ठीत शेजारणीला, अचिरोला लागली. माझी कुदळीवर बोळवण झाली.

आमच्याकडे जनावराला नाव देतात ते शेजाऱ्याला टोमणा म्हणूनच. अचिरोने उजव्या बैलाचं नाव ठेवलं 'जळू नकोस'. सकाळी माझी लेक लान्येरो गणवेश घालून बांधावरून शाळेला निघाली, की नेमका अचिरोचा आवाज चढायचा. "चल, जळू नकोस. ओढ, जळू नकोस." इकडे मी तिळाच्या वावरात ढेकळं फोडत आतल्या आत धुमसायचे.

एक दिवस कुदळ घेऊनच तिच्या नांगरापुढे उभी राहिले. "बैल मिळाले म्हणून माज आला का गं? रोज कुणाला ऐकवतेस?"

तिने बैल थांबवले. कासरा हाताला गुंडाळत राहिली.

"तुला नाही, लान्येरोची आई," ती म्हणाली. "बंडखोरांनी दोघींच्या पोरी एकदमच नेल्या होत्या. तुझी तेवढी परत आली. ती शाळेला जाताना दिसली, की मी मलाच बजावत असते."