आधी मागणं

यशवंतमामाचा कृत्रिम हात टेबलावर पडला होता. नवा प्रोग्राम त्यात उतरतच नव्हता. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ आली : 'अंगठा मिटवणे' सापडत नाही. अंगठा मिटला नाही, तर मामा संबळाची काठी धरणार कशी? बाहेर मंडपात गोंधळाचा चौक मांडून झाला होता आणि नवऱ्यामुलाचे काका दुसऱ्या गोंधळ्याला फोन लावत होते.

"मामा, बोटांची लायब्ररी जोडायला विसरलास?" शर्वरीनं विचारलं. बोटांच्या हालचालींच्या तयार आज्ञा त्या लायब्ररीत होत्या.

"विसरेन कसा? सगळ्यात आधी तीच जोडली. मग तालाची."

शर्वरी खुर्चीतून उडालीच. "अरे मामा, हा काय गोंधळ आहे का, आधी देवांना बोलवायचं आणि मग मागणं मागायचं?"

"मग उलटं करतात काय?"

"इथं उलटंच! जोडणारा प्रोग्राम प्रत्येक लायब्ररीपुढून एकदाच जातो आणि तोवर कुणी मागितलंय तेवढंच उचलतो. बोटांपाशी आला तेव्हा कुणी काही मागितलंच नव्हतं, म्हणून रिकामाच पुढे गेला! अंगठा मागतो तो ताल. त्याला आधी बसव!"

तिनंच जागा बदलल्या. लाल ओळ आलीच नाही! मामानं घाईघाईनं हात चढवला. अंगठा हळूच काठीवर मिटला आणि अपघातानंतर पहिल्यांदा संबळ असं कडाडलं, की काका फोन कानाला लावूनच दारात आले.

"ठेवा तो फोन, काका," शर्वरी म्हणाली. "आमचे मामा येतायत!"