आत उघडणारं दार

दार उघडेना. सुनेनं आधी हातानं ढकललं, मग खांद्यानं. जेमतेम बोटभर आत गेलं आणि अडलं. पलीकडे काहीतरी जड आडवं पडलेलं होतं.

"बाबा! ओ बाबा!"

सासरे दारामागे पडले असणार, दुसरं काय! अंगणात नवरा गाडी काढून बसलेला, बाबांची बॅग भरून तयार, वृद्धाश्रमातल्या बाई वाट बघतायत, आणि ऐन निघायच्या वेळी हे.

बरं, दोष तरी कुणाला द्यायचा? हे घर म्हणजे जुनी घोड्यांची पागा. सून आर्किटेक्ट. तिनंच मोठ्या हौसेनं ती राहती केली होती. बग्गीखान्याच्या कमानीला काच लावून दिवाणखाना केला. गवताच्या माळ्यावर नवरा-बायकोची खोली झाली, आणि खाली एकेका घोड्याच्या ठाणावर एकेक खोली. दगडी गव्हाणीत पुस्तकं आली, भिंतीतल्या लोखंडी कड्यांना टॉवेल लटकले. पाहुणे तोंडात बोटं घालायचे. पागेची दारं मात्र बाहेर उघडायची आणि अरुंद बोळात जाता-येता आडवी यायची. तिनं बिजागऱ्या फिरवून सगळी आत उघडती करून घेतली. जुन्या लोकांनी ती बाहेर उघडणारी का ठेवली होती, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. घोडा दाराला टेकून आडवा झाला, तर आत जायचं कसं? "आता इथं कोण घोडा आडवा होणार आहे!" असं म्हणून ती हसायची. "मी आहे की," नवरा म्हणायचा.

सासऱ्यांना शेवटची खोली दिली आणि तिथंच त्यांचं बिनसलं. सकाळी दार उघडत नाही म्हणायचे. "कुणीतरी आतून टेकून बसलेलं असतं गं. ते उठेपर्यंत मला बाहेर पडता येत नाही." तोवर बिचाऱ्यांचा पायजमा ओला झालेला असायचा. तिनं बिजागऱ्यांना तेल घातलं, दार तासून घेतलं. तिच्या हातानं ते एकदाही अडलं नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, डोकं साथ देत नाही. चादरी धुऊन धुऊन ती मेटाकुटीला आली आणि आश्रमाचा विषय शेवटी तिनंच काढला. नवरा "तू म्हणशील तसं" म्हणून मोकळा झाला. असले हे लेक!

तिनं पुन्हा सगळा जोर लावला. या वेळी आतून कुणीतरी उलटा रेटा दिला.

ती थिजली. दाराखालच्या फटीतून तिच्या पावलांवर ऊन ऊन श्वास आला. लांबलचक, ओलसर, शेवटी फुरफुरणारा. माणसाचा असा श्वास नसतो. पाठोपाठ घामाचा आणि वाळक्या गवताचा वास आला.

"कुणाला ढकलतेस गं, सूनबाई?"

ती गर्रकन वळली. बोळाच्या तोंडाशी सासरे उभे होते. पायात चपला, हातात अंगणातलं मूठभर हिरवं गवत.

"बाबा, तुम्ही... तुम्ही बाहेर? मग आत कोण आहे?"

"ढकलू नको त्याला," ते समजुतीनं म्हणाले. "म्हातारं आहे. उठायला वेळ लागतो."

गुडघ्यावर हात टेकून ते खाली बसले आणि बोटभर उघडलेल्या दारातून त्यांनी गवत आत सारलं. "चल बाबा, निघतो मी," ते दाराला म्हणाले. आतून सावकाश चावल्याचा आवाज आला. मग काहीतरी धापा टाकत उठलं. फरशीवर खूर खडखडले, एकदा घसरले, सावरले. दार आपोआप आत गेलं.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीचे गज जागच्या जागी होते. पलंगावर भरलेली बॅग होती. गवताची एक काडीसुद्धा कुठं दिसत नव्हती. दारामागच्या फरशीवर तिनं भीत भीत तळवा टेकला. फरशी गरम होती.

बाहेर नवऱ्यानं हॉर्न वाजवला. सासऱ्यांनी मुकाट्यानं बॅग उचलली आणि ते बोळातून चालायला लागले. कुणावर राग नाही, काही नाही. तिनं एकदा त्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि धावत जाऊन बॅग दोन्ही हातांनी धरली. तिला रडू फुटलं होतं. लाजेनं की भीतीनं, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "आम्हाला इथं असं टाकून कुठं निघालात?"