पोंभुर्ण्याची हवा

कोळसा खाणींच्या घुग्घुसमधल्या घरात आदेशने काचेच्या टाकीत हौसेने हिरवी रोपं लावली, हवेचा पंप बसवला, मासे सोडले. आठवडाभरात मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मासे विकणाऱ्या विक्कीने येऊन पाण्यावरचा काळा तवंग बोटाने बाजूला सारला.

"पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडते, भाऊ. अन् तुमच्या खोलीत हवा कुठी आहे? कोळसा आहे."

आदेशच्या मनाने घेतलं. दर रविवारी तो मोटारसायकलने पोंभुर्ण्याच्या जंगलात जायचा, सागाखाली बसून सायकलच्या पंपाने ट्रकच्या ट्यूबमध्ये घाम गळेस्तोवर हवा भरायचा आणि ती फुगलेली ट्यूब पाठीमागे बांधून आणायचा. ट्यूबमधून बारीक नळी थेट टाकीत. त्याची माय, रुखमाबाई, आतल्या खाटेवरून खोकत खोकत हे सारं पाहायची. मासे तरतरीत झाले, रोपांना नवी पानं फुटली.

चौथ्या आठवड्यात मात्र ट्यूब मंगळवारीच चपटी झाली. पंक्चरवाल्याला तिच्यात भोक सापडलं नाही. घरी येऊन आदेशने नळी चाचपत नेली, तर कपाटामागे तिला दुसरी नळी जोडलेली. ती धरून तो थेट मायच्या खाटेशी पोचला. दोन दिवसांपासून घरात कोणी खोकलंच नव्हतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

"माय, हे माशाईची हवा आहे," तो कळवळून म्हणाला.

रुखमाबाईने नाकाशी धरलेली नळी जराही हलवली नाही.

 

"मासे तं पाण्यात राह्यते, बाबू. हवेत मी राह्यतो."